हाय अहो

गेल्या जुलैत मी माझं नाव बदललं. गॅझेटात वगैरे नाही, फक्त एका ॲपवर. नोकरीधंद्यातल्या ओळखी वाढवायचं ते निळं ॲप, तुम्हीही असालच त्यावर. त्याचं नाव मी घेणार नाही. लग्नात उखाण्यातून एकदा नाव घेतलं, तेवढं या जन्माला पुरे. तर त्या ॲपवर पहिल्या नावाची एक चौकट असते आणि आडनावाची एक. मी आडनावाच्या चौकटीत माझं अख्खं नाव कोंबलं आणि पहिल्या चौकटीत लिहिलं, 'अहो'.

हा उंदराचा सापळा होता. मी ऐरोलीतल्या एका कंपनीत भरतीचं काम बघते, म्हणजे एचआर. त्यामुळे रोज वीसपंचवीस अनोळखी माणसं माझ्या 'प्रवासाने भारावून' जातात. माझा प्रवास म्हणजे नौपाडा ते ऐरोली. त्यात भारावण्यासारखं काय आहे ते ठाणे स्टेशनच्या नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर सकाळी उभं राहून बघा. यातली किती माणसं खरंच माझं पान उघडून बघतात आणि किती जणांच्या वतीने एखादं सॉफ्टवेअर शेकडो लोकांना एकच मजकूर धाडतं, ते मला बघायचं होतं. असली सॉफ्टवेअरं पहिल्या चौकटीतलं नाव उचलतात आणि मजकुरात ठेवलेल्या रिकाम्या जागेत बसवतात. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर 'श्री./सौ.' छापलेलं असतं आणि पुढचं नाव आपण पेनाने लिहितो, तसंच. फक्त इथे पेन धरणारं कोणी नाही.

पहिल्याच आठवड्यात सापळ्यात इतके उंदीर आले की मला माझीच दया आली. 'हाय अहो, होप यू आर डूइंग ग्रेट!' 'डिअर अहो, तुमच्यासारख्या लीडर्ससाठी आम्ही एक वेबिनार घेतोय.' पेरोलचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एकाने तर नुसतंच लिहिलं, 'अहो, क्विक क्वेश्चन.' माझी आई माझ्या वडिलांना स्वयंपाकघराच्या दारातून अगदी याच चालीत हाक मारायची. अहो, एक विचारायचं होतं. नवरा म्हणाला, "तुला 'अहो' म्हणणारं कोणीतरी मिळालं शेवटी. मला तर जमलं नाही."

एक निरोप मी जपून ठेवलाय. 'अहो, होप यू आर एन्जॉइंग द वेदर इन ठाणे!' तो आला तेव्हा कुर्ल्याच्या पुढे रुळांवर पाणी होतं, गाड्या खोळंबल्या होत्या आणि मी स्टेशनच्या पुलावर दीड तास उभी होते. छत्री मोडलेली. एन्जॉय करत होते.

हसून झालं की मग आपली पाळी येते. माझ्या कंपनीच्या भरतीच्या सिस्टिममध्ये सात मसुदे आहेत. साती मी लिहिलेत. मसुदा एक, अर्ज मिळाला. दोन, मुलाखतीची वेळ. तीन, वेळ बदलली. चार, नकार (सौम्य). पाच, नकार (मुलाखतीनंतर). सहा आणि सात सांगण्यासारखे नाहीत. सगळ्यात जास्त जातो तो चौथा. त्यात एक वाक्य आहे की आपली माहिती आम्ही पुढील संधींसाठी आमच्याकडे जतन करू. ते खोटं नाही. माहिती जतन होते. ती पुन्हा कोणी उघडत नाही, एवढंच. हा मसुदा लिहिताना मी 'सौम्य' व्हावा म्हणून तीन दिवस घालवले होते. 'खेद' घालू की 'दिलगिरी', यावर माझी आणि माझ्या साहेबांची चर्चा झाली होती. आता तो बटणावरही जात नाही. सिस्टिमला अर्ज पटला नाही की आपसूक जातो, रात्री अडीचलासुद्धा.

आणि ॲपवरची माझी उत्तरं? ठाणे ते ऐरोली जेमतेम दहा मिनिटं. गाडीने दिघा गाव सोडेपर्यंत मी आठनऊ निरोप हातावेगळे केलेले असतात. निरोपाच्या खाली तीन तयार उत्तरं असतात, अंगठा त्यातल्या एकावर पडतो. 'थँक्स!' 'शुअर.' 'कॉन्ग्रॅट्स!' कामं उरकली याचं समाधान असतं. घरकाम करणाऱ्या बाईला जसं शेवटचं भांडं पालथं घालताना वाटत असेल, तसं.

तर अशा मला ऑगस्टात एका मुलाचा निरोप आला. पेरोल असिस्टंटच्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता आणि वर मला ॲपवर लिहिलं होतं. राहणार दिवा. इंग्रजी असं की एकही काना-मात्रा चुकलेला नाही. या संधीबद्दल तो 'डीपली पॅशनेट' होता. पगारपत्रकाबद्दल इतकं उत्कट कोणी असू शकत नाही, हे मी पंचवीस वर्षं पगारपत्रकं करून सांगते. मी ओळखलं, हे त्याने लिहिलेलं नाही. मग मीही माझ्या मसुद्यातला एक तुकडा चिकटवला. त्यावर त्याचं आणखी सुंदर उत्तर आलं, माझ्या अमूल्य वेळेबद्दल आभार मानणारं. मी अंगठ्याने 'थँक यू फॉर युवर इंटरेस्ट' निवडलं.

चार निरोप झाले. अत्यंत सभ्य. आणि त्या चारही निरोपांत ना मी होते, ना तो. लग्नात दोन्हीकडच्या भटजींनीच मंगलाष्टकं म्हणावीत आणि अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे कोणी उभंच नसावं, तसा प्रकार.

मग पाचवा निरोप आला. मराठीत.

'अरे त्या मॅडमचं परत आलंय. तेच तेच पाठवते. बाई आहे का मशीन आहे काय माहीत. आता काय टाकू?'

मित्राला पाठवायचा तो खिडकी चुकून मला आला होता. मी ऑफिसात चहाच्या यंत्रासमोर उभी होते. (चहाही यंत्राचा, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.) पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आलं नाही. मी लोकांना पकडायला सापळा लावून बसले होते आणि दिव्याच्या एका पोराने मलाच शेपटीला धरून उचललं होतं.

त्या संध्याकाळी मला पीएफ काकांची आठवण आली.

काकांबद्दल सांगण्याआधी एक कबूल करायला हवं. तयार मजकुराचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. उलट मराठी पत्र म्हणजे तयार मजकुराचा नमुनाच. शाळेत मायन्याला वेगळे मार्क असत. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', बाकी सगळ्या जगाला 'स. न. वि. वि.' सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. विनंतीही नसे आणि विशेषही काही नसे. मग 'पत्रास कारण की', मग 'इकडील सर्व क्षेम', आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. इकडे घरात ताप, कर्ज, भांडणं काहीही असो, पत्रात सर्व क्षेम. माझी आजी तर पत्र सांगताना मधला मजकूरही ठरलेलाच सांगायची आणि लिहिणारी मी कंटाळून जायचे.

तारेचंही तेच. शुभेच्छांच्या तारेला तयार वाक्यांची यादी असायची, प्रत्येकाला नंबर. लग्नाचा वेगळा, दिवाळीचा वेगळा, परीक्षेच्या यशाचा वेगळा. आपण नंबर सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. माझ्या आत्याच्या लग्नात, ऐन मे महिन्यात, एका मामांकडून दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा आल्या होत्या. मामांनी नंबर चुकवला होता. तार सेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, आत्या आता सत्तरीची आहे, पण ती तार अजून सांगितली जाते. बाकी नंबर न चुकलेल्या तारांपैकी एकही कोणाला आठवत नाही.

म्हणजे तयार वाक्य हा गुन्हा नाही. मग मला 'हाय अहो'ने चीड का येते?

काका वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पर्सोनेलला होते. मी तिथे १९९८मध्ये क्लार्क म्हणून लागले, तेव्हा एचआर हा शब्द वागळे इस्टेटीत पोचायचा होता. आज जिथे काचेच्या इमारती आहेत आणि खाली कॉफी मिळते, तिथे तेव्हा भोंगा वाजायचा. टाइम ऑफिस, मस्टर, कॅन्टीनची कुपनं. पुढे तीनेक वर्षांत कंपनीने ठाण्यातलं उत्पादन बंद केलं. कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, बरेच जण गावी गेले. कोणी साताऱ्याकडे, कोणी रत्नागिरीकडे, कोणी आणखी आत. आणि मग पत्रं सुरू झाली. माझा फंड कधी मिळणार?

काकांचं टेबल म्हणजे त्या पत्रांचं टपाल कार्यालय. आवक रजिस्टरला मी नोंद करायची, काका वाचायचे, पोस्टकार्डावर उत्तर जायचं आणि जावक रजिस्टरला पुन्हा मी. पोस्टकार्डं आम्ही गठ्ठ्याने आणायचो. उत्तर छापलेलं होतं. काकांनीच छापून घेतलं होतं, गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या प्रेसमध्ये. 'स. न. वि. वि. आपले दि. ... चे पत्र मिळाले. आपला फॉर्म १९ व फॉर्म १०-सी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे दि. ... रोजी पाठविला आहे. कळावे.' रिकाम्या जागा पेनाने भरायच्या. शुद्ध मसुदा. माझ्या आजच्या सात मसुद्यांचा पणजोबा.

पण कार्डाच्या तळाला काका दोन बोटं जागा सोडून घ्यायचे. छापखानेवाल्याने एकदा ती वाया जाते म्हणून कंपनीचं बोधचिन्ह टाकलं, तर काकांनी अख्खा गठ्ठा परत पाठवला. त्या दोन बोटांत ते लिहायचे, 'ता. क.' ताजा कलम. पत्र संपल्यावर आठवलेलं. 'ता. क. आपल्या बँकेच्या पासबुकावर घरातले नाव आहे, आमच्याकडे कागदोपत्रीचे. आधी ते एक करून घ्या, नाहीतर चेक परत येईल. यंदा आंबा धरला का?'

मी तेव्हा तेविसाची. मला राहवलं नाही. "काका, आंब्याचं काय करायचंय आपल्याला?"

"अगं, नुसतं पासबुकाचं लिहिलं तर माणूस कार्ड खुंटीला लावतो," काका म्हणाले. "आंब्याचं विचारलं की उत्तर द्यायला बसतो. आणि उत्तर द्यायला बसला, की पासबुकाचं काम पण करून टाकतो."

काकांना मी संत वगैरे करणार नाही. ते चिडके होते, साडेपाचला निघायचे म्हणजे निघायचे, आणि युनियनच्या एका पुढाऱ्याशी त्यांनी अकरा वर्षं अबोला धरला होता. आंब्याची चौकशी ही त्यांची युक्ती होती. पण उत्तर आलं की ते वाचायचे आणि पुढच्या कार्डात 'मोहोर गळाला हे वाचून वाईट वाटले' असंही लिहायचे. त्याचा फंडाशी काही संबंध नसायचा.

याची किंमतही त्यांना पडायची. कार्डाखाली सही त्यांची. त्यामुळे फंड अडकला की माणूस पीएफ ऑफिसला जाण्याआधी काकांकडे यायचा. वंदनाच्या एसटी स्टँडला उतरायचा, हातात पिशवी, पिशवीत कधी फणस, कधी नुसतीच कागदपत्रं, आणि सरळ टेबलासमोर. एकाने टेबलावर हात आपटून विचारलेलं मला आठवतंय, "ही सही तुमचीच ना? मग बोला." काका बोलले. त्या दिवशी साडेपाचला निघाले नाहीत.

मला वाटतं माझ्या चिडीचं मूळ इथे आहे. उत्तर देणं म्हणजे आपण परत विचारले जाऊ, याला तयार असणं. काकांच्या कार्डावर पत्ता होता. माझा मसुदा चार ज्या पत्त्यावरून जातो, त्याच्या नावातच लिहिलंय की इथे उत्तर देऊ नका. तो जातो तेव्हा प्रकरण मिटतं, आणि मिटावं म्हणूनच तो जातो. नौपाड्यात हे चाललं नसतं. इथे कोणाला गुळमुळीत उत्तर देऊन वाटेला लावलं, तर तो संध्याकाळी भाजी घेताना समोर येतो. तिथे चुकवलात, तर दिवाळी पहाटेला राममारुती रोडवर नव्या कपड्यांत गाठतो, आणि तेव्हा तर पळायलाही जागा नसते.

यंत्राने प्रेमाने बोलावं ही हौस जुनी आहे. २०१५च्या नोव्हेंबरात गुगलने ईमेलला आपोआप उत्तर सुचवणारी सोय आणली. आलेली मेल वाचून तीन छोटी उत्तरं सुचवायची, आपण एक निवडायचं. ती बनवणाऱ्यांनी तेव्हा एक गंमत लिहून ठेवली होती. सुरुवातीच्या नमुन्याला कशालाही 'आय लव्ह यू' हे उत्तर सुचवायची खोड लागली होती. कारण विनोदी नाही. यंत्र लोकांची उत्तरं बघून शिकतं. काय बोलावं ते नक्की कळेना की सगळीकडे खपेल असं, नेहमीचं काहीतरी पुढे करतं, आणि माणसं एकमेकांना 'थँक्स' आणि 'ठीक आहे'च्या बरोबरीने तेही भरपूर लिहीत असतात. त्यांनी ती खोड काढली. पुढच्या वर्षी त्यांच्या 'इनबॉक्स' नावाच्या ईमेल ॲपवर मोबाइलवरून जाणाऱ्या उत्तरांपैकी सुमारे १० टक्के उत्तरं अशी सुचवलेली होती. मला राहून राहून वाटतं, आपल्या सभ्य साहेबी पत्रव्यवहारात अधूनमधून चुकून ते वाक्य गेलं असतं तर बहार आली असती. 'सोबत जुलैचं हजेरीपत्रक जोडलं आहे.' 'आय लव्ह यू.'

आणि आंब्याची चौकशी? ती तरी यंत्राला येत नाही असं कुठे आहे. १९६६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याला अक्कल शून्य. आपल्याच वाक्यातला शब्द पकडायचा आणि प्रश्न करून परत द्यायचा. आईचा विषय काढला की 'घरच्यांबद्दल आणखी सांगा.' वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो प्रोग्राम महिनोन्महिने बनताना पाहिला होता. तरी एकदा त्याच्याशी टाइप करून बोलताना तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिचं खासगी चाललं होतं. साहेब हादरले आणि पुढे उरलेलं आयुष्य या असल्या यंत्रांविरुद्ध लिहीत राहिले. मला त्या बाईंचं हसू येत नाही. दिवसभर दुसऱ्याची पत्रं टाइप करणाऱ्या बाईला कोणीतरी म्हणालं, आणखी सांगा. बास.

असो. त्या मुलाचा निरोप आला त्या रात्री मी काकांचं जुनं काही सापडतंय का ते बघायला ॲप उघडलं. निवृत्तीनंतर काका फंड-पेन्शनचे सल्लागार झाले होते, भाच्याने त्यांना ॲपवर आणलं होतं. २०१९च्या पावसाळ्यात काका गेले. जवाहरबागेत मी होते. चिता पेटायला वेळ लागत होता, लाकडं ओली होती.

त्यांच्या नावाची खिडकी उघडली. सगळ्यात खाली माझाच निरोप. 'कॉन्ग्रॅट्स ऑन युवर वर्क ॲनिव्हर्सरी!' दोन महिन्यांपूर्वीचा.

त्याच्या वर आणखी एक. गेल्या वर्षीचा. त्याच्या वर आणखी एक. ॲप दरवर्षी मला आठवण करत होतं की यांच्या कामाला इतकी वर्षं पूर्ण झाली, अभिनंदन करा, आणि मी दरवर्षी ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये कुठेतरी अंगठा दाबत होते. २०२०पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. माझ्या नावावर इतकं नियमित दुसरं काही नसेल. श्राद्धसुद्धा.

या साऱ्याच्या वर, २०१८चा, त्यांचा शेवटचा खरा निरोप होता. माझ्या जुन्या खात्यातला फंड नव्या खात्यात वळवून घेतला का, असं विचारलं होतं. फॉर्म १३ आता ऑनलाइन भरता येतो, आळस करू नकोस, वगैरे. आणि खाली, 'ता. क. आईचा गुडघा कसा आहे? ऑपरेशनला घाबरू नका म्हणावं. माझ्या बहिणीचं झालंय, ती आता उपवनाला चक्कर मारते.'

त्याला मी पाठवलेलं उत्तर होतं एक अंगठा. पिवळा.

माझी ती अभिनंदनं पुसता येतील का ते बघितलं. इतके जुने निरोप पुसता येत नाहीत. मी फोन पालथा ठेवला आणि खूप वेळ नुसतीच बसले. मग पुन्हा उचलला, कारण दुसऱ्या खिडकीत तो मुलगा अजून होता. तो निरोप आपण भलत्याच खिडकीत टाकलाय हे तोवर त्याला कळलं असणार. दिव्यात कुठेतरी पांघरूण डोक्यावर घेऊन पडला असेल.

मी लिहिलं, मराठीत. 'बाई आहे. तुम्हाला आलं ते उत्तर मशीनने पाठवलं, पण ते लिहिलं होतं मीच, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. तुमचा अर्ज उद्या स्वतः उघडून बघते. ता. क. दिव्याला सकाळच्या गाडीत चढायला मिळतं का?'

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी, 'सॉरी मॅडम, तो मेसेज मित्राला होता. नाही मिळत चढायला. आधी उलटा डोंबिवलीला जातो, तिथून बसून येतो.'

मध्ये मी त्याचा अर्ज उघडला होता. तो कोणी पाहिलेलाच नव्हता. फॉर्मवर एक प्रश्न आहे, एकूण अनुभव किती वर्षं. त्याने शून्य लिहिलं होतं. शून्य लिहिलं की सिस्टिम पुढचं वाचत नाही, मसुदा चार पाठवते. हा नियमही आमच्याच एका बैठकीत ठरला होता, आणि त्या बैठकीत मी ढोकळा खात होते. मी फोन लावला.

"मग सध्या काय करता?"

"काही नाही मॅडम. मामांच्या दुकानात बसतो. हार्डवेअरचं आहे. आणि मॅडम, मला अरेतुरे करा ना."

"बरं. बसतोस म्हणजे?"

"हिशेब बघतो. टॅलीवर. बिलं, स्टॉक, उधारी. अकराला आर-वन, वीसला थ्री-बी. सीए फक्त एकदा नजर टाकतात."

अकरा आणि वीस. जीएसटीच्या विवरणपत्रांच्या तारखा. माझ्या ऑफिसात बीकॉम होऊन वर आणखी एक पदवी घेतलेली पोरं आहेत, त्यांना त्या कॅलेंडरात बघाव्या लागतात.

"कधीपासून?"

"बारावी झाल्यापासून. तीन वर्षं झाली."

"मग शून्य का लिहिलंस, अरे?"

"पगार कुठे मिळतो मॅडम? मामा आहेत."

आता हे कुठल्या फॉर्मवर येणार होतं? 'मामा आहेत का' असा रकाना आमच्या सिस्टिमला नाही. मी त्याला त्या 'डीपली पॅशनेट'बद्दलही विचारलं. तो लाजला. म्हणाला, "इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही. पण तुमच्यासमोर लिहायचं म्हटलं की हात थरथरतो. चूक झाली तर पहिल्याच ओळीला कचऱ्यात. म्हणून त्यालाच सांगतो, लिहून दे." त्याला म्हणजे फोनमधल्या त्या एआयला. माझ्या भावाच्या पहिल्या मुलाखतीला वडिलांनी शेजाऱ्यांचा इस्त्रीचा शर्ट मागून आणला होता. खांद्यात सैल होता, पण आत भाऊ होता. या मुलाचं ते इंग्रजी म्हणजे तसला शर्ट. माझे मसुदे म्हणजे खिडकीवरची 'बंद आहे'ची पाटी. दोघांनी यंत्रच वापरलं म्हणून दोन्ही एका तागडीत घालायला मी तयार नाही.

ती जागा तोवर भरली होती. मी तसं त्याला सांगितलं, फोनवरच. तो म्हणाला, "चालेल मॅडम, का नाही झालं ते तरी कळलं." बाकी मी फार काही केलं असं नाही. दुकानातल्या कामाला कागदावर काय म्हणायचं ते अर्धा तास बसून त्याला सांगितलं आणि शून्याच्या जागी तीन लिहायला लावलं. त्याने स्वतःच मामांच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र करून आणलं. मामांनी सही करताना विचारलं म्हणे, "म्हणजे आता तुला पगार द्यावा लागेल का?"

मसुदा चार अजून आहे. माझ्याकडे महिन्याला शेकड्यांनी अर्ज येतात, आणि प्रत्येकाला आंबा विचारायला मी बसले तर मलाच मसुदा पाठवतील. पण साहेबांशी भांडून त्याच्या तळाला मी एक फोन नंबर घातला. ऑफिसचा, दुपारी तीन ते चार. पहिल्या आठवड्यात सहा फोन आले. त्यातल्या एकाने पाऊण तास शिव्या दिल्या. साहेब म्हणाले, बघा, म्हणून नको म्हणत होतो.

नवरात्रात त्या मुलाचा निरोप आला. मी ठाण्याला नऊ नंबरवर उभी होते, गाडी लागली होती, लोक उतरायच्या आधीच चढत होते.

'स. न. वि. वि. मॅडम, तुर्भ्याला एका गोदामात अकाउंट्सला लागलो. पगार ठीक आहे. मामा रुसलेत पण येतील लाईनीवर. आईला तुमच्याबद्दल सांगितलं, ती घरी जेवायला बोलावतेय, पण दिव्याला संध्याकाळी येऊ नका, चेंगराल. कळावे. ता. क. तुमच्या नावापुढचं ते अहो काढाल का प्लीज? मित्राला मेसेज दाखवला, तर तो आता मला भलतंच चिडवतोय.'

खाली तीन तयार उत्तरं आली होती. 'हाहा', 'शुअर', आणि एक पिवळा अंगठा.

मी गाडी सोडली. पुढची थोड्या वेळात असतेच, त्यात काही मोठा त्याग नाही. बाकावर एका मावशींची भाजीची पिशवी होती, ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली. मी बसले आणि लिहायला घेतलं.